जोड

आमच्या ऑफिसात दर जानेवारीत एक साथ येते. जीमची. निम्मी टीम वर्षाची फी एकरकमी भरते, नवे बूट घेते, आणि फेब्रुवारी उजाडला की "अरे, सध्या रिलीज आहे ना" सुरू होतं. मी कुणाला हसत नाही. पण दरवेळी एक गोष्ट मनात येते. आपण जीमला गेलो नाही तर कुणाचं काही अडत नाही. ट्रेडमिल काही घरी येऊन हाक मारत नाही.

तालमीत तसं नसतं. तिथं जोड असते.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या सोलापुरात पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं आता जास्त करून गणपतीच्या नाहीतर शिवजयंतीच्या मिरवणुकीत ऐकू येतात. पण तालीम म्हणजे मुळात माती. हौद्यात चाळलेली तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू. पहाटे आधी फावड्यानं ती उकरायची, मग जोर, बैठका, सपाट्या आणि शेवटी लढत. जोर-बैठका एकट्यानं मारता येतात, लढत मात्र एकट्याची होत नाही. वस्ताद साधारण सारख्या वजनाची दोन पोरं एकमेकांना लावून देतात, ती झाली जोड. त्यातला एक आला नाही की दुसऱ्याची त्या दिवशीची लढत बुडाली. इतका साधा हिशेब.

मी तालमीत गेलो १९९६ साली. अकरावीत होतो. त्याच वर्षी वडील गेले होते. घरात सगळे एकमेकांशी इतकं जपून बोलायचे की शेवटी बोलणंच बंद पडलं. एक दिवस मामा आला, म्हणाला, "घरात बसून काय करालास बे? चल माझ्यासंगं." वस्तादांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "पहाटे उठतोस का?" वडिलांचं कुणी काढलं नाही. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

माझी जोड म्हणजे गिरणी कामगाराचा पोरगा. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी... एकेकाळी सोलापूर गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि जेवायचं. नव्वदच्या दशकापर्यंत तो आवाज विरत गेला होता. ह्याच्या वडिलांचं काम गेलं आणि बाटली आली. आई विड्या वळायची, त्यावर घर. तिसरा आमच्यातला पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. रात्री यंत्रमागावर काम करून सकाळी थेट तालमीत. बोलताना अडखळायचा, त्यामुळे बोलायचाच नाही. पण बैठका मोजायला लावलं की "ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु..." एकदाही न अडखळता! मग वस्तादांनी मोजायचं काम कायमचं त्यालाच दिलं. अख्खी तालीम तेलुगूत बैठका मारायची. मला आजही शंभरपर्यंत तेलुगू येतं, पुढचं येत नाही :)

आम्ही एकमेकांच्या अडचणींबद्दल कधीच बोललो नाही. हल्ली 'शेअर' करतात तसलं काही नव्हतं. पण ज्याची मान रोज आपल्या हातात येते, त्याची रात्र कशी गेली हे अंगाला कळतं. पकड ढिली असली की समजायचं, काल घरी भांडण झालंय. अशा दिवशी समोरचा जरा जास्तच जोर लावायचा. दया म्हणून ढिला सोडणारा कुणी नव्हता.

एकदा माझी जोड दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी सायकल काढून त्याच्या चाळीत गेलो आणि दारातूनच ओरडलो, "येणार नसशील तर सांग की बे, माझी लढत बुडालीय!" तो डोळे चोळत बाहेर आला, काही न बोलता कॅरियरवर बसला. विषय संपला.

संपला असं मला वाटलं होतं. दहा-बारा वर्षांनी नव्या पेठेत चहा पिताना त्यानं सांगितलं की त्या दोन्ही रात्री तो कंबर तलावाच्या काठावर बसून होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही. म्हणाला, "तू माझी कीव करत आलास असतास तर मी उठलो नसतो. तू तुझ्या लढतीसाठी आलतास. म्हटलं, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय."

जपानचे जिगोरो कानो लहानपणी किरकोळ अंगाचे, शाळेतली दांडगट पोरं त्यांना छळायची. त्यातून ते जुजुत्सू शिकले आणि १८८२ साली टोकियोत कोदोकान काढून त्यांनी ज्युदो उभा केला. ज्युदोत आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. आणि कानोंच्या दोन मुख्य तत्त्वांपैकी एक आहे 'जिता क्योएई', म्हणजे तुझं आणि माझं, दोघांचंही भलं. वाचलं तेव्हा मला आमचा हौदाच आठवला. समोरचा चांगला लढला तरच आपण शिकतो, मग त्याचं बरं चालावं असं आपोआप वाटायला लागतं.

तालमीनं सगळं ठीक केलं असं मात्र नाही. मित्राच्या वडिलांची दारू सुटली नाही. तिसरा आजही फोनवर अडखळतो. आणि माझ्या धाकट्या बहिणीनंही वडील गमावले होते, पण तिला मामा कुठं घेऊन गेला नाही, कारण आमच्या तालमीत मुलींना प्रवेशच नव्हता. ही गोष्ट मला अजून टोचते. मार्च २०२३ मध्ये सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा बहिणीनं मला फक्त बातमी पाठवली. सोबत एक शब्द नाही. मला कळायचं ते कळलं.

तेव्हा मंडळी, कराटे शिका, ज्युदो शिका, जवळ तालीम असेल तर मातीत उतरा. मन फारच अंधारलं असेल तर डॉक्टरकडे जायचंच, त्याला लाजायचं कारण नाही. पण क्लास निवडताना एसी आहे का, पार्किंग आहे का हे बघायच्या आधी एवढं बघा की आपण एक दिवस गेलो नाही, तर दारात येऊन शिव्या घालणारं कुणी तिथं भेटेल का.