रायपूर : ‘बाबा, जागे आहात?’

समता कॉलनीतल्या भाड्याच्या खोलीत मुलाशी बोलणं इर्सीवर व्हायचं. खालच्या पट्टीत खिडक्यांचे आकडे सतत उजळत. कुणी आलं, कुणी गेलं. त्या गर्दीत त्याचा ‘बाबा, जागे आहात?’ सकाळी दिसला. एसएसबीत त्याची निवड हुकली होती.

रविवारी बसलो. सर्व्हरला ‘ऑटो’ लावलं. ओळख पटवायची आज्ञा ‘ऑटोसेंडसीएमडी’त घातली. पासवर्ड फाइलमध्ये उघडाच राहतो, म्हणून तिला ‘६००’ परवानगी दिली. ‘ॲक्टिव्हिटी_हाइड_लेव्हल’मध्ये ‘जॉइन्स, पार्ट्स, क्विट्स’ टाकलं. पान हललं तरी ‘थम, कौन आता है’ ओरडणाऱ्या संतरीसाठी गार्ड उठत नाही.

आता पट्टी बहुधा कोरी असते. आकडा उजळला, की मी उठतो.