गंगाखेड : जात्यापाशी बसलेले मन

परभणीहून परळीकडे जाणारी रेल्वे गोदावरी ओलांडते आणि थोड्याच वेळात गंगाखेड येते. रस्त्याने अंतर सुमारे ४० किलोमीटर. दुतर्फा काळी जमीन, हंगामाप्रमाणे कापूस, सोयाबीन, तूर. गावाला दक्षिण काशी म्हणतात. आपण मात्र काशीची उपमा बाजूला ठेवूनच ते पाहावे असे मला वाटते, कारण त्याचे खरे मोठेपण एका दासीमुळे आहे. संत जनाबाईंचे हे जन्मगाव.

ज्येष्ठांनी येथे हिवाळ्यात यावे. मराठवाड्याचा उन्हाळा सोसणारा नाही. घाटाच्या पायऱ्या उतरताना सोबतीचा हात धरावा. मंदिरात दर्शन घेऊन नदीकाठी थोडे टेकावे आणि एका प्रश्नाचा विचार करावा : या बाईला वेळ कधी मिळाला असेल?

दळण, कांडण, पाणी भरणे, झाडलोट, शेण्या वेचणे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी हीच त्यांची दिनचर्या होती. तरीही तीनशेहून अधिक अभंग त्यांच्या नावावर आहेत. निवांत आसन, एकांत, लेखणी यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला आले नव्हते. हात कामात असताना मन मोकळे राहते, त्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतःकडे पाहिले. तेही सोज्वळपणे नव्हे. त्या रुसतात, विठ्ठलाशी भांडतात, त्याला खडे बोल सुनावतात.

ही रीत त्यांच्यापुरती राहिली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. परभणी जिल्ह्यातील ओव्याही त्यांत आहेत. पहाटे पीठ पडत असे आणि त्याबरोबर आदल्या दिवसाचे सल मोकळे होत. लक्षात घ्यावे, ओवी सहसा कोणाला तरी उद्देशून असते : आईला, भावाला, सखीला, कधी जात्यालाच. मनातल्या मनात घोळणारे दुःख गोल गोल फिरते. कोणाला सांगायचे ठरले की त्याला शब्द शोधावे लागतात.

घरात रुग्णाची सेवा करणाऱ्यांना आत्मचिंतनासाठी अर्धा तास काढा असे सांगणे मला निष्ठुर वाटते. तो अर्धा तास असता तर त्या झोपल्या असत्या! जाते गेले, पीठ गिरणीतून येते. पण तूर निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे उरलीच आहेत. त्यांतले एकच काम नेमून घ्यावे आणि ते करताना रोज एवढेच आठवावे : आज माझा आवाज कशाने चढला? कशाने बरे वाटले? उत्तर पुटपुटून सांगावे, तुळशीला किंवा भिंतीवरच्या तसबिरीला. औषधे मोजण्याचे काम मात्र यासाठी निवडू नये. तेथे पूर्ण लक्ष हवे.

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांचेही असेच. त्यांच्या हाती शेंगा सोलायला द्याव्यात. हात चालू लागले की पुष्कळांची जीभही सैल होते. मग मध्येच उपदेश करू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. स्वतःकडे पाहणे आणि स्वतःला कोसत राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माझ्याच हातून सेवा कमी पडते’ हाच विचार दोन आठवडे सुटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी सांगावे.

परंपरा सांगते की विठ्ठल स्वतः येऊन जनाबाईंना दळू लागे. जात्याच्या खुंट्याला दोन हात सहज मावतात. आपल्या घरी सेवेचा भार एकटीवर असेल, तर गंगाखेडहून परतताना गाडीतच विषय काढावा : आठवड्यातून कोणत्या दिवशी, कोण तिला दळू लागणार?