टाकी केवढी, हा प्रश्नच नव्हे!

परवा रात्री साडेअकराला मी सांगलीच्या मामांना फोन करून झोपेतून उठवलं. "मामा, बफर पार शून्यावर आला, आणि तरी सीडी वाचली!" पलीकडे क्षणभर शांतता. मग मामा म्हणाले, "कशी वाचली? आधी नीट सांग मला." त्यांची झोप उडाली होती आणि मला तर ती लागणारच नव्हती!

माझ्याकडे मामांच्या कॅसेटचा एक खोका आहे. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी दळताना मामांनी शेजारी टेपरेकॉर्डर ठेवून त्या भरून घेतल्या होत्या. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी थेट 57 फुटांवर गेलं. मामांनी घरातून सगळ्यात आधी वरच्या मजल्यावर नेला तो हा खोका. तेव्हाच ठरलं होतं, या आवाजाच्या प्रती करायच्या आणि घरोघर द्यायच्या. साताऱ्याच्या मावशीला फोनवर गाणी ऐकणं जमत नाही, तिचा सीडी प्लेअर मात्र रोज सकाळी चालू असतो. म्हणजे सीडीच हवी, आणि त्यासाठी रायटर हवा.

साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दुकानात रायटरची दोन खोकी समोर आली. एकावर बफर 2 एमबी, दुसऱ्यावर 1 एमबीहूनही कमी. दुकानदार म्हणाले, "मोठा बफर कधीही बरा." मी तिथूनच मामांना फोन लावला. मामा जुने सीडी भाजणारे. ते म्हणाले, "अगं, टाकी केवढी ते काय विचारतीस? मोटर बघ की!"

या एका वाक्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बफर म्हणजे गच्चीवरची टाकी! कॉम्प्युटरकडून डेटा येतो तो नगरपालिकेच्या नळासारखा, कधी धो धो, कधी थेंब थेंब. लेझरला मात्र सलग धार लागते. सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिलाकार रेघ असते. सरळ केली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरेल, म्हणजे सांगलीहून मिरजेच्या निम्म्या वाटेपर्यंत! जुन्या रायटरला ती रेघ न थांबता ओढावी लागे. मधेच टाकी रिकामी झाली की रेघ तुटली आणि सीडी वाया. म्हणून मामांच्या घरी सीडी लिहिताना माऊसलासुद्धा हात लावायला बंदी होती. वाया गेलेल्या सीड्या परसातल्या पेरूला टांगलेल्या असत, पाखरं हाकलायला. लहानपणी त्या झगमगाटाचं मला फार कौतुक वाटायचं. त्यातली एकेक सीडी म्हणजे रिकामी पडलेली टाकी होती, हे मला आत्ता कळतंय!

मग मी कागद-पेन घेऊन बसले. सीडीचा 1x वेग म्हणजे सेकंदाला 150 केबी. 4x ला 600 केबी. म्हणजे 2 एमबीची टाकी साडेतीन सेकंदांच्या आसपास पुरते, त्या काळी हा मोठाच आधार. पण 52x ला तीच टाकी पाव सेकंदात संपते! डीव्हीडीचा 1x म्हणजे सेकंदाला साधारण 1,385 केबी. 16x वर 2 एमबी सेकंदाचा दहावा भागही टिकत नाही, आणि 8 एमबी घेतली तरी अर्धा सेकंद भरत नाही. वेग एवढा वाढला, टाकी तेवढीच राहिली, तरी सीड्या वाया जायच्या थांबल्या. कशामुळे?

उत्तर आहे 2000 सालचं. सान्यो कंपनीनं 'बर्न-प्रूफ' आणलं. टाकी रिकामी व्हायला आली की ड्राइव्ह लेझर थांबवतो, कुठं थांबलो ते लक्षात ठेवतो, टाकी भरली की नेमक्या त्याच जागी येऊन रेघ पुढं सुरू करतो. पुढे अशी सोय सगळ्याच रायटरमध्ये आली. आजी ओवी गाताना घास टाकायला थांबायची आणि त्याच सुरावर परत यायची, अगदी तसं!

हे नुसतं वाचून माझं समाधान होईना. मी मुद्दाम कमी बफरचा रायटर घेतला. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवलेल्या ओव्यांच्या फाइली एका संथ, जुन्या पेनड्राइव्हवर टाकल्या, तिथूनच सीडी लिहायला लावली आणि त्याच पेनड्राइव्हवरून एक मोठा सिनेमा कॉपी करायला घेतला. इम्गबर्न या सीडी लिहायच्या प्रोग्रॅममध्ये बफरच्या दोन पट्ट्या दिसतात, एक कॉम्प्युटरची, एक ड्राइव्हची. पहिली घसरू लागली. ऐंशी, चाळीस, दहा... पाठोपाठ दुसरीही शून्य! बफर भरण्याची वाट पाहत असल्याची ओळ पडद्यावर आली. ड्राइव्हची घरघर बदलली. मी श्वास रोखून बसले होते. आणि पट्टी हळूहळू वर चढली, काम पुढं सुरू झालं! शेवटी पडताळणी केली, तर अक्षर न् अक्षर जुळलं. तेव्हाच मामांना फोन गेला.

तेव्हा रायटर घेताना बफरच्या आकड्यावर अडून बसू नका. मोटर बघा, म्हणजे थांबून त्याच जागी पुन्हा सुरू होण्याची सोय आहे का ते. फाइली आधी हार्ड डिस्कवर घ्या. बाहेरून लावायचा रायटर हब मधे न घालता थेट कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडा, कारण बऱ्याचदा त्याला वीजही तिथूनच मिळते. कोरी सीडी चांगली घ्या, वेग मधला ठेवा आणि लिहून झाल्यावर पडताळणी चुकवू नका.

काल सकाळी मावशीच्या प्लेअरवर आजीचा आवाज लागला. जात्याची घरघरही ऐकू आली. मावशी हातातलं काम टाकून खाली बसली. तुमच्याही माळ्यावर असा खोका असेल, तर या रविवारी तो खाली काढा. कॅसेटची फीत वर्षागणिक झिजते आहे, आणि कृष्णेला पूर दर काही वर्षांनी येतोच.