उघडलेले दप्तर आणि छापलेले पान

दप्तर बांधून ठेवणे ही राज्यकर्त्यांची जुनी खोड होय. राज्य बदलते, भाषा बदलते, लखोट्यावरील मोहोर बदलते. पण ही खोड बदलत नाही. ज्या कागदाने राज्यकर्त्याचे नाव उजळते तो दरबारात मोठ्याने वाचला जातो, आणि ज्याने ते काळवंडते तो रुमालात बांधून कोठीत टाकला जातो. पुढे केव्हा तरी कोठी उघडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्याच इतिहासावर वाढलेल्या लोकांना उरलेला अर्धा वाचावयास मिळतो. सोव्हिएट रशियाच्या दप्तरांची हकीकत अशीच आहे. ती दूरदेशीची खरी, तथापि तिचा एक धागा आपल्या कोल्हापुराशी जुळलेला आहे. म्हणून ती वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसे तेथे राहत, आणि त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा अधिक होता. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंड वाटून घेतला. पुढल्या वर्षापासून पूर्व पोलंडातील लाखो माणसांना मालगाड्यांत घालून सैबेरिया व कझाकस्तान या प्रदेशांत पाठविण्यात आले. १९४१ साली जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली, आणि त्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आसरा दिला. मोठी वसाहत झाली ती वळिवड्यास. तेथे शाळा निघाल्या, प्रार्थनामंदिर उभे राहिले. देशाच्या फाळणीनंतर त्या जागी सिंधी निर्वासित आले, आणि तेच आजचे गांधीनगर होय.

या निर्वासित स्त्रियांपैकी ज्यांचे पती सैन्यात अधिकारी होते आणि रशियाच्या कैदेत पडले होते, त्यांचे दुःख निराळेच होते. आपण सधवा की विधवा हेच त्यांना ठाऊक नव्हते. पतीची पत्रे १९४० च्या वसंतात एकाएकी थांबली होती. १९४३ च्या एप्रिलात जर्मनांनी जाहीर केले की, स्मोलेन्स्कजवळील कातिनच्या अरण्यात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडली आहेत. रशियाने तो दोष जर्मनांच्याच माथी मारला, आणि पुढे सत्तेचाळीस वर्षे हेच सरकारी सत्य म्हणून चालले. युद्धानंतर पोलंडात जे राज्य आले त्यानेही तेच उचलून धरले. निराळे बोलणाऱ्याची तेथे धडगत नसे.

१३ एप्रिल १९९० रोजी मॉस्कोने हा गुन्हा प्रथमच कबूल केला, आणि १९९२ च्या ऑक्टोबरात मूळ कागदांच्या प्रती पोलंडला दिल्या. गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने कैद्यांना गोळ्या घालण्याचा जो प्रस्ताव केला होता तो त्यांत होता. त्यावर स्टालिनची सही होती, आणि निर्णयाची तारीख होती ५ मार्च १९४०. त्याच पुडक्यात १९५९ सालचे एक टिपण निघाले. गुप्त पोलिसांचा त्या वेळचा प्रमुख शेलेपिन याने त्यात ख्रुश्चेव्हला सुचविले होते की, मारलेल्या २१,८५७ माणसांच्या फायली आता निरुपयोगी असून त्या नष्ट कराव्यात. त्या फायली पुढे कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत. पण त्या नष्ट करण्याची शिफारस मात्र जपून ठेवली गेली, आणि मृतांची संख्या जगाला तिनेच सांगितली.

येथवर गोष्ट झाली ती दप्तर उघडण्याची. माझ्या मते खरे काम त्यापुढचे आहे. पोलिश व रशियन विद्वानांनी एकत्र बसून कातिनचे कागद १९९५ ते २००६ या काळात वॉर्सा येथे चार खंडांत छापले. हे त्यांनी वेळेवर केले असेच म्हणावे लागते. २००४ साली रशियातील लष्करी अभियोक्त्यांनी या प्रकरणाची चौकशी बंद केली आणि तिच्या कागदांचा मोठा भाग पुन्हा गुप्त ठरविला. सोव्हिएट काळातील बळींची नावे गोळा करणारी 'मेमोरियल' ही संस्था २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाच्या हुकुमाने विसर्जित झाली. उघडलेले दार पुन्हा लावता येते. छापून घरोघर गेलेले पान मात्र कोणत्याही सरकारला परत मागविता येत नाही.

आणि त्या पानाने काय दिले? वृद्ध झालेल्या मुलांना बापाच्या मृत्यूचे साल, महिना व जागा दिली. ज्याची मृत्युतिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध केव्हा करावे, याचाही विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनी करून ठेवला आहे. यावरून ही वेदना किती जुनी आहे ते कळेल.

आपल्या इतिहासाचीही गोष्ट फार निराळी नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामांची चौकशी करताना सरकारला ते उपयोगी पडले. पण येथल्या अभ्यासकांना त्याचे दार शंभर वर्षे बहुतेक बंदच होते. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिशांसारखे अपवाद थोडे. ते दार बंद असतानाच इतिहासाचार्य राजवाडे गावोगावचे वाडे धुंडाळीत फिरले, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. तेव्हा राष्ट्राचा इतिहास केवळ सरकारी कोठीत असतो असे नाही. तो तुमच्याआमच्या माळ्यावरही असतो, आणि तेथे त्याला वाळवीचे भय असते.

वाळवीहून मोठे असे आणखी एक भय आहे, ते लाजेचे. राज्यकर्ता कागद लपवितो तो भीतीने. घरचा माणूस लपवितो तो लौकिकासाठी. आमच्या एकत्र कुटुंबाने दोन वर्षांमागे घरच्या मोडी कागदांचा रुमाल वाचून घेऊन त्याची लहानशी पुस्तिका छापण्याचे ठरविले. कागद बहुतेक साऱ्याच्या पावत्या, कर्जरोखे, विहिरीच्या पाण्याचे करार असे होते. त्यांत एक फारखत निघाली. आमच्या पणजोबांचे धाकटे बंधू वाटणी घेऊन वेगळे राहत. ते वारल्यावर त्यांच्या विधवा पत्नीने दरसाल दोन खंडी ज्वारी व दोन लुगडी एवढ्यावर सोळा एकर जमीन थोरल्या घरास सोडून दिली, असा तो मजकूर होता. खाली त्या माउलीची निशाणी, आणि साक्षीस थोरल्या घरचेच पुरुष. 'राजीखुशीने' हा शब्द कागदात तीन ठिकाणी आला आहे. आमच्या वंशावळीत त्या बंधूंच्या नावापुढे 'निपुत्रिक' एवढेच लिहिलेले होते. त्यांच्या पत्नीचे नाव आम्हांस या कागदाने प्रथम सांगितले.

माझे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, एवढा एक कागद राहू दे. पुस्तिका मुलींच्या सासरी जाणार, लोक काय म्हणतील?" त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, पूर्वजांना उत्तर देण्याची सोय नसते, आणि त्यांच्या काळचा न्याय आजच्या मापाने मोजणे सोपे असते. यावर आमची सूनबाई भीतभीत म्हणाली, "मामंजी, ज्यांचे नाव या एकाच कागदावर आहे, नेमके त्यांनाच वगळायचे का?" यावर उत्तर कोणाजवळच नव्हते. बंधूंनीच तो कागद उचलून छापावयाच्या गठ्ठ्यात ठेवला, आणि तो शब्दशः छापला गेला.

बाराव्या शतकात राजतरंगिणी रचणाऱ्या कल्हणाने इतिहासकाराने न्यायाधीशासारखे निःपक्षपाती असावे अशी अपेक्षा केली आहे. ही कसोटी परक्याच्या दप्तराला लावणे सोपे असते. मॉस्कोने सारे कागद बाहेर काढावेत, लंडनने काढावेत, दिल्लीने काढावेत, असे आपण हक्काने म्हणतो, आणि ते म्हणावयासच हवे. परंतु तसे म्हणणाऱ्याने आपल्या पेटीतील गैरसोयीचा कागदही त्याच गठ्ठ्यात ठेवला पाहिजे. एरवी ती मागणी न्यायाची न राहता केवळ दुसऱ्याच्या फजितीची हौस ठरेल.

आमच्या सिंदी (रेल्वे) सारख्या गावांत आता जुनी घरे पडून नवी उठत आहेत. माळा रिकामा होताना पितळेची भांडी मोजून घेतली जातात, आणि कागद रद्दीच्या काट्यावर जातात. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. पुण्यास १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा कित्ताही आपल्यापुढे आहे. ज्यांच्या घरी असा रुमाल असेल त्यांनी तो येत्या पावसाळ्यापूर्वी सोडावा, कागदांची छायाचित्रे घ्यावीत, जाणत्याकडून ते वाचून घ्यावेत, आणि दहा प्रती का होईनात, पण छापाव्यात. छापताना निवड करावी लागली तर पावत्या गाळाव्यात. माणसे गाळू नयेत.