जिप्सीचे इंजिन की दुसरी गाडी?

मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस भारतात आली आणि २०१९ च्या सुमारास बंद झाली. पहिले ९७० सीसीचे इंजिन मागे पडून १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ला १२९८ सीसीचे मिळाले. २००० साली त्यालाच सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय आले, ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. शिडीसारखी चेसिस, चारही चाकांना पाटे आणि लो गिअरचा ट्रान्सफर केस शेवटपर्यंत कायम राहिले. नवी मिळत नसल्याने आज रस्त्यावरची प्रत्येक जिप्सी जुनीच आहे. इंजिन थकले की ते करून घ्यावे, बदलावे, की गाडीच काढून टाकावी, हा प्रश्न तिच्या मालकापुढे येतोच. प्रस्तुत लेखकापुढे तो चिपळूणकडच्या बागेवर राबणाऱ्या २००४ च्या हार्डटॉप किंगने उभा केला.

सुरुवात धुरापासून होते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे, एवढे सगळ्यांनाच माहीत असते. तो केव्हा येतो हे पाहण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही. कुंभार्ली घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो. खाली येऊन तो पुन्हा दाबला की मागे निळा लोट निघाला आणि विरला, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह सीलचा. हेड उतरवून स्वस्तात भागते. चढावर, ओझ्याखाली धूर सतत येत असेल आणि ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर फक फक वाफ तोंडावर येत असेल, तर रिंगा गेल्या. लेखकाच्या गाडीत ही दुसरी लक्षणे होती.

खात्री कॉम्प्रेशन गेजने होते. चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, स्टार्टर फिरवायचा आणि एकेका सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. या जातीच्या इंजिनात १४ किलोच्या आसपास दाब हवा. १२ च्या खाली गेला की दुखणे पक्के. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. ऑइलने रिंगांच्या फटी बुजतात, म्हणून आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, आणि हलला नाही तर व्हॉल्व्ह. लेखकाच्या गाडीत दोन सिलिंडरचे आकडे ऑइल टाकताच चढले. हा हिशेब न करता “फुल इंजिन काम” सांगणाऱ्या गॅरेजातून गाडी परत आणलेली बरी.

पण खरा निकाल बॉनेटखाली लागत नाही. इंजिन हा या गाडीचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे, चेसिस तशी नाही. कोकणात पाऊस, खारी हवा आणि चिखल मिळून लोखंड आतून खातात आणि वरचा काळा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून गाडी पिटवर घेऊन हातोडीने चेसिस ठोकत जावे लागते. धड लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे धरलेले असतात ती जागा, बॉडी माउंटिंगचे कान, पुढच्या सीटखालचा पत्रा आणि काचेच्या चौकटीची खालची कड, इथे आधी पाहावे. पत्र्याला भोक पडले तर तुकडा जोडता येतो. शॅकलच्या कानाशी स्क्रूड्रायव्हर आत घुसला, तर त्या गाडीत नवे इंजिन घालणे म्हणजे पैसे पाण्यात. लेखकाच्या गाडीचा चालकाच्या पायाखालचा पत्रा चाळणी झाला होता, एका ठिकाणी तर गालिचा उचलल्यावर खालचा रस्ता दिसत होता. चेसिस मात्र टोकापर्यंत वाजली.

चेसिस पास झाल्यावर दुसरे इंजिन घालण्याचा मोह होतो, कारण ते मिळते. एस्टीम, व्हर्सा आणि २००५ ची पहिली पेट्रोल स्विफ्ट या गाड्यांत याच घराण्याचे १.३ लिटरचे इंजिन होते. भंगारवाल्यांकडे ती पडून असतात. एस्टीम आणि स्विफ्टमध्ये इंजिन आडवे बसते, जिप्सीत उभे. त्यामुळे सम्प, माउंटिंग, मॅनिफोल्ड अशा वस्तू जुन्या इंजिनाच्याच चढवाव्या लागतात. मेस्त्री हे काम चार दिवसांत करून देतो. डिझेल बसवून देणारेही भेटतात. पुढच्या ॲक्सलवर वाढणारे वजन ही त्यातली लहान अडचण, मोठी कायद्याची आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला सवलत आहे, पेट्रोलच्या गाडीत डिझेल घालण्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. इंजिन त्याच जातीचे असले तरी क्रमांक बदलतो, म्हणून आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. त्यासाठी इंजिनाचे पक्के बिल आणि ते कोणत्या गाडीतून निघाले याचा पुरावा हवा. भंगारवाला तो सहसा देत नाही. चोरीच्या गाडीचे इंजिन गळ्यात पडण्याची भीती इथेच असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते ती वेगळीच.

आपलाच ब्लॉक करून घेतला तर यातले काहीच उद्भवत नाही, कारण क्रमांक तोच राहतो. मेस्त्र्याला हे काम लांबण लावणारे वाटते, मालकाला मात्र सोयीचे आहे.

दुसऱ्या गाडीचा विचारही झाला. जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून पुढे, एक्स-शोरूम, विक्रीला आली. १४६२ सीसीचे इंजिन, कॉइल स्प्रिंग, लो गिअर. रस्त्यावर ती जिप्सीपेक्षा कितीतरी सुखाची आहे. महिंद्रची २०२० ची थार आणखी ताकदवान, पण बागेतल्या पायवाटवजा रस्त्याला रुंद. शिवाय नारळाची पोती, खताच्या गोण्या आणि कुत्रा मागे टाकण्यासाठी कोणी बारा लाख मोजत नाही. जुनी जिप्सी घ्यावी तर सैन्याच्या लिलावातल्या आणि दिल्लीकडच्या गाड्या समोर येतात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी झाल्याने तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर येतात. पण ना-हरकत पत्र, फेरनोंदणी आणि इथला कर धरला की स्वस्ताई उरत नाही. जवळपासची घ्यावी, तर २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेली निघायची धास्ती. अशी गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. धुतलेल्या गाडीतही पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर गाळाची रेघ राहते. आणि जुनी गाडी घेतली तरी तिच्या इंजिनाचे वय तेच. एक अनोळखी दुखणे विकत घेण्यापेक्षा ओळखीचे बरे, असा हिशेब जमला.

इंजिन चेनकप्पीने उतरवले. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो गंजलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डच्या स्टडांनी. एक मोडला, ड्रिल करून काढावा लागला. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी लाइनर. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोरिंगला गेला. तिथे आधी पिस्टन हातात घेतात, मोजतात आणि मगच त्या मापाला बोअर करतात; उलट क्रमाने काम करणाऱ्याकडे ब्लॉक देऊ नये. पिस्टन ०.५० ओव्हरसाइज बसले. हेडचे फेसिंग, व्हॉल्व्ह सील, बेअरिंगा, ऑइल पंप, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट नवे. क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग चांगली दिसत असली तरी त्याच वेळी बदलावीत, नाहीतर काही महिन्यांनी तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो. रेडिएटर उघडून साफ केला, कारण ॲल्युमिनियमचे हेड एकदा तापले की वाकते. पायाखालचा पत्रा त्याच खेपेला जोडून घेतला. सगळे मिळून खर्च लाखाच्या आत-बाहेर गेला. गाडी विकायला काढली तर हे पैसे परत येणार नाहीत.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. २०२४ मध्ये गाडी पासिंगला गेली तेव्हा निरीक्षकाने बॉनेट उघडून ब्लॉकवरचा क्रमांक कापडाने पुसला आणि आरसीशी ताडून पाहिला. तो जुळला. नोंदणी २०२९ पर्यंत वाढवून मिळाली.