तो काल गेला

आमच्या चुलत आजोबांनी 1938 साली स्वखर्चाने छापलेले आठवणींचे एक पुस्तक घरात आहे. बेळगावच्या परिसरातले बालपण, शेती, आठवड्याचा बाजार, सोयरिकी. प्रत एकच उरली आहे आणि पाने पापडासारखी मोडतात. पुढची पिढी कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी वाचलीच तर ती मोबाईलवर वाचणार. म्हणून पुतण्याने पाने स्कॅन केली, छापील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीकडून मजकूर करून घेतला आणि मूळ प्रतीशी ताडून पाहायला माझ्यापुढे ठेवला.

यंत्र आपल्यासारखे वाचत नाही. आकृती पाहून अंदाज बांधते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला मुख्य फरक म्हणजे शिरोरेषेतली फट. जुने खिळे झिजलेले, शाई पसरलेली. फट बुजली की ताटातली भाजी 'माजी' होते आणि शाळेतला पहिला धडा 'घडा'. असल्या चुकांचे मला काही वाटत नाही. त्या दुरूनच ओरडतात.

भय वाटते ते अर्थ लागणाऱ्या चुकांचे. प्रणालीला भाषा हिंदी सांगितलेली असली तर 'ळ'चा 'ल' होऊ शकतो, कारण प्रमाण हिंदीला ळ लागतच नाही. आजोबांनी लिहिले होते, 'तो काळ गेला.' यंत्राने दिले, 'तो काल गेला.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही! फक्त जमान्याऐवजी माणूस गेला. ळ तर आपला आणि कन्नडचा सामाईक. इथल्या कुणाच्याही जिभेवरून तो सुटणार नाही.

त्यात आमच्याकडचे शब्द कोशात नसतात. पुस्तकात शेजारीण विचारते, 'ऊट आतेन्री?' जेवण झाले का, एवढेच. यंत्राला 'ऊट' ठाऊक नाही, त्याने ओळखीचा 'उंट' बसवला. बिचारी बाई उंटाची चौकशी करीत बसली.

अनुस्वारांची तर तऱ्हाच निराळी. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे पुस्तक, त्यामुळे 'नांव', 'कांहीं', 'घरें पडलीं'. यंत्र ते ठिपके धूळ समजून पुसते आणि कागदावरची खरी धूळ उचलून भलत्याच अक्षराच्या डोक्यावर ठेवते. चिंतेवरचा ठिपका गेल्यावर काय उरते, ते सांगायला नको. पुतण्या म्हणतो, "काका, सगळे आजच्या नियमांप्रमाणे करून टाकू, शोधायला सोपे." मी नाही म्हटले. ज्यांना शोधायचे त्यांनी वेगळी प्रत करावी. आजोबांचे ठिपके आजोबांपाशीच राहू देत. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

शेवटी छापलेले शुद्धिपत्र आहे. एका रकान्यात अशुद्ध 'घन', शेजारी शुद्ध 'धन'. यंत्राने दोन्हीकडे 'घन' लिहिले. तेवढे पान आम्ही चित्रच ठेवले आहे.