रणगाडा रंगवायला खंडाळ्याला चला!

खंडाळा म्हटलं की तुमची गाडी लोणावळ्याकडे वळणार. थांबा! हा साताऱ्याचा खंडाळा, शिरवळच्या पुढचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. इथे पॉइंट-बिइंट बघायचे नाहीत. चहा घ्यायचा आणि हायवेलगत उभे ट्रक न्याहाळायचे. १:३५ स्केलचे रणगाडे रंगवणाऱ्यांसाठी ही फुकटची शाळा!

मॉडेल नवंकोरं रंगवणं सोपं, वापरलेलं दाखवणं कठीण. बहुतेक जण सगळीकडे सारखाच मळ फासतात. ट्रककडे बघा: चिखल मडगार्डच्या आत, रंग उडालेला तो पाय ठेवायच्या पायरीवर, डिझेलचा ओघळ टाकीच्या झाकणाखाली. घरी हेच करायचं. पातळ काळपट रंग खाचांत सोडायचा, स्पंजच्या तुकड्याने कडांवर टिपके, धुळीला पेस्टल खडूची पूड. (खरी माती नको, या स्केलला तिचा कण म्हणजे धोंडा!)

अख्खा रणगाडा पाहायला अहिल्यानगरचं, १९९४ सालचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहेच. पण १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्यातून लढले, तो पूना हॉर्सचा सेंच्युरियन ‘फामागुस्ता’ करणार असाल, तर खंडाळ्यातून मळाच्या जागा तेवढ्या उचला. इथली माती काळ्या पाषाणाची, तिकडची नदीच्या गाळाची. खडू फिकट करडाच घ्या.